चार दारांची सवत

गवंडिणीला सवत आहे, हे तिनं स्वतःच गावभर करून ठेवलं होतं. गिरणीत दळण टाकताना कोणी विचारलं, "नवरा दिसत नाही गं तुझा?" की ती पीठ झटकत म्हणायची, "गेलाय माझ्या सवतीकडं." नवख्या बाईचे डोळे मोठे व्हायचे. जुन्या बाया तोंडाला पदर लावायच्या, कारण सवत म्हणजे लांबच्या शहरातला गुरुद्वारा, हे त्यांना ठाऊक होतं.

"माझ्या घराला दार एक," गवंडीण म्हणायची, "तेही पावसात फुगतं, धक्का मारल्याशिवाय उघडत नाही. तिच्या घराला चार दारं आणि चारही उघडी. कोणीही या, जेवा, बसा. मग हा कशाला येतोय घरी?"

बाया हसायच्या. तीही हसायची. पण दळण घेऊन घरी येताना तिला आतून जळजळायचं, आणि ते काही चेष्टेतलं नव्हतं.

गवंडी तरुण होता तेव्हा तिथल्या फरशीच्या कामावर गेला होता. तळ्याभोवती संगमरवर बसवायचा होता. काम संपलं, बरोबरचे सगळे आपापल्या गावी परतले, हा मात्र मागं राहिला. परतला तेव्हा नाव तेच होतं, धर्म तोच होता, दाढी रोजच्यासारखी खरडलेली होती. पण तेव्हापासून दर वर्षी थंडी सरली की तो पिशवी भरायचा आणि सेवेला जायचा. सेवा म्हणजे काय, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. विचारलं तरी तो म्हणाला असता, "असतं काहीतरी."

माणूस वाईट नव्हता. कधी हात उचलला नाही, दारूला शिवला नाही. पण घरात माठाला टेकून बसायचा आणि म्हणायचा, "पाणी." जेवलं की ताटातच हात धुऊन उठायचा. ती तापानं फणफणली असताना एकदा त्यानं विचारलं होतं, "मग आज स्वयंपाकाचं कसं?" त्याच्या तोंडून तिच्यासाठी निघायचा तो एक तर हुकूम, नाहीतर "बघू". इतक्या वर्षांत तिला त्याची सवय झाली होती. पुरुषमाणूस असाच असतो म्हणून तिनं मनाची समजूत घातली होती, आणि तो तसा नसतोही असं कळेपर्यंत ती समजूत टिकली.

त्या वर्षी बटाट्याची काढणी लांबली. गावातले मजूर नव्या रस्त्याच्या कामावर गेले होते आणि आभाळ रोज दुपारी काळं होऊन भिववत होतं. म्हणून घरातलीच चौघं शेतात उतरली. गवंडी आणि मुलगा कुदळीनं सरी फोडत होते, गवंडीण आणि सून मागून बटाटे वेचून पाट्या भरत होत्या. माती जड झाली होती. बटाट्याला चिकटलेली ढेकळं अंगठ्यानं सोलून काढावी लागत आणि सुनेची नखं पार उलली होती.

सरीच्या मध्यावर गवंड्यानं कुदळ टेकवली.

"उद्या निघतो," तो म्हणाला.

"आणि बटाटे?"

"पोरगा आहे. सून आहे."

"आणि मी?"

"तू तर आहेसच."

मुलगा खाली मान घालून सरी फोडत राहिला. गवंड्यानं गुडघ्यावर हात ठेवून कंबर सरळ केली आणि आभाळाकडं बघत बाकीचं सांगितलं. तिथं सेवेकऱ्यांना राहायला खोल्या असतात. त्यातली एक रिकामी होतेय. त्यानं मागून ठेवलीय.

"किती दिवसांसाठी?" तिनं विचारलं.

"मिळाली तर राहीन म्हणतो."

"किती दिवस?"

"राहीन म्हणतो," तो पुन्हा म्हणाला.

तेव्हा तिला कळलं. हातातला बटाटा तिनं पाटीत टाकला आणि पुढचा उचलला. मुलगा थांबून म्हणाला, "बाबा, आईचं काय?"

"आईला तुम्ही आहात, घर आहे. माझं काय आहे इथं? परांचीवर चढायला गुडघे राहिले नाहीत, कामाला कोणी बोलवत नाही. दिवसभर माठाला टेकून बसतो. तिथं निदान हात चालतात."

तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. ती म्हणाली, "हात इथंही चालले असते. कोणी धरले नव्हते."

"बघू," गवंडी म्हणाला आणि कुदळ उचलली.

तो गेला आणि पाऊस आला. तिघांनी भिजत, चिखलात रुतत उरलेल्या सऱ्या काढल्या. कुदळ मारली की ओली माती तिला घट्ट धरून ठेवायची आणि उपसताना पाठीतून कळ जायची. पोती शेतात ठेवली तर सडतील, म्हणून सगळं घरात आणलं. ओसरीत बटाटे, स्वयंपाकघरात बटाटे, खाटेखाली बटाटे. झोपताना कूस बदलली की पाठीला बटाटा लागायचा. रोज सकाळी सासू-सून ढिगासमोर बसायच्या आणि नासका बटाटा हुडकून बाहेर फेकायच्या. त्याचा वास हातांना आणि केसांना लागला होता.

"बाबांचा फोन नाही आला?" सून एकदा म्हणाली.

"कशाला येईल? सवत सोडेल तेव्हा ना."

सुनेला हसावं की नाही कळेना. तिनं एक चांगला बटाटाच नासका म्हणून फेकला आणि उठून परत आणला.

अशाच एका सकाळी दूधवाली आली. हिचं आणि गवंडिणीचं पूर्वीपासून विळ्या-भोपळ्याचं. दूधवाली नाकानं कांदे सोलायची, आणि गवंडीण तिच्या दुधातलं पाणी चारचौघांत मोजून दाखवायची. दूधवाली बहिणीबरोबर फिरायला गेली होती, ती काल परतली होती. माप ओतून झालं तरी ती उंबऱ्यातच घोटाळत राहिली.

"तुझा नवरा भेटला की," ती म्हणाली.

"कुठं?"

"गुरुद्वाऱ्यात. बाहेर चपला ठेवायची जागा असते बघ. आपण वर उभं राहायचं आणि खिडकीतून खाली द्यायच्या. मी दिल्या तर आतून दोन हात आले. घेतल्या, फडक्यानं पुसल्या, अगदी पट्टे वर करून आतूनसुद्धा. वाकून बघते तर तुझा गवंडी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, भाऊजी, अहो शेण लागलंय चपलेला, राहू द्या. तर म्हणतो कसा, असू द्या ताई. उन्हातून आलात, आधी आत जाऊन पाणी प्या."

"पाणी प्या म्हणाला?"

"इतकं गोड बोलला! आणि माझ्याशीच नाही हं, सगळ्यांशी तसाच. नशीबवान आहेस बाई. आमच्याकडं एक आहे, त्याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत." दूधवालीनं जाता जाता पाय जरा पुढं केला. "बघ, अजून लकाकतायत."

दूधवाली कोपऱ्यावरून वळेपर्यंत गवंडीण तिच्या टाचांकडं बघत राहिली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. देवाच्या दारी जाणाऱ्या नवऱ्यावर राग धरता येत नाही, म्हणून तिनं इतकी वर्षं तो थट्टेवारी नेला होता. पण दूधवालीची चप्पल? त्यानं दूधवालीला सोन्याची माळ दिली असती तर ती चार शिव्या घालून मोकळी झाली असती. त्यानं दिलं होतं ते तिनं आयुष्यात कधी मागितलंही नव्हतं, कारण ते त्याच्याजवळ आहे हेच तिला माहीत नव्हतं. पाणी प्या म्हणे. माठाला टेकून "पाणी" म्हणणारा माणूस.

ती उठली, हात धुतले आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"कुठं निघालात, आई?" सून घाबरून म्हणाली.

"सवतीचं घर बघून येते."

"आणि बटाटे?"

"पोरगा आहे, तू आहेस," गवंडीण म्हणाली.

बसमध्ये तिला डुलकीसुद्धा लागली नाही. काय बोलायचं ते ती वाटभर जुळवत होती. सगळ्यांसमोर त्याच्या हातातलं फडकं ओढायचं आणि म्हणायचं, घरच्या चपलांनी काय पाप केलंय? पुन्हा वाटायचं, नको, रडू येईल, आणि परक्या गावात लोक जमा होतील. तिला भांडायचं होतं, पण भांडणाचं पहिलं वाक्यच सापडेना.

रस्ता गजबजलेला होता आणि बसस्टँडपासून बरंच चालावं लागलं. डोकं झाकून घ्या, असं कोणीतरी सांगितलं, तिनं पदर घेतला. दूधवाली म्हणाली होती तशीच जागा होती. कमरेइतक्या ओट्यात ओळीनं खिडक्या, पलीकडं खोलगट खोलीत माणसं उभी, मागं फळ्यांवर चपला-बुटांची रांगच रांग. एका खिडकीतून सूट घातलेला माणूस आपले बूट परत घेत होता आणि शेजारच्या खिडकीत एक हमाल आपले तुटके बूट देत होता. तिनं प्रत्येक खिडकीत डोकावून पाहिलं आणि टोकाच्या खिडकीशी थांबली.

गवंडीच होता. डोक्याला निळा रुमाल बांधला होता, मान खाली होती. सिमेंटनं खाल्लेली नखं तिनं लगेच ओळखली. तिनं चपला काढल्या. काढणीचा चिखल तळाला वाळून बसला होता. तिनं त्या खिडकीतून पुढं केल्या.

दोन्ही हात पुढं आले. त्यांनी चपला अलगद धरल्या. एका काडीनं चिखल खरवडला, मग फडकं फिरवलं, पट्टा उचलून आतून पुसला. गवंड्यानं चपला फळीवर ठेवल्या आणि तिच्या तळहातावर नंबराचा एक बिल्ला टेकवला.

"जा माई, आत जा," तो म्हणाला. नजर पुढच्या माणसाच्या बुटांवर गेली होती.

माई. तोंडात मारल्यासारखी ती बाजूला झाली. घरी उंबऱ्याशी त्याच्या चपलांच्या शेजारी ह्याच चपला पडलेल्या असतात, सकाळी अंधारात तो कितीदा चुकून ह्यात पाय घालतो, आणि आज त्यानं त्या हातात धरल्या तरी त्याला काही कळलं नाही. आणि ते "माई" किती मऊ होतं. हा आवाज त्याच्या गळ्यात आहे हे तिला कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

दारातल्या उथळ पाण्यातून पाय धुऊन ती आत गेली. समोर तळं पसरलं होतं आणि कडेनं पांढरी फरशी. ती त्यानं बसवलेली, म्हणजे त्यातली थोडी. जोड इतके घट्ट बसलेत की त्यात नख जात नाही, असं तो एकदा बोलला होता, आणि घरच्या ओसरीची फरशी तेव्हाही उखडलेलीच होती. तिनं मुद्दाम वाकून एका जोडावर नख फिरवलं. गेलं नाही. आतून गाण्याचे सूर येत होते, माणसं डोळे मिटून बसली होती. तिनं डोकं टेकवलं आणि मनातल्या मनात म्हणाली, मी मागायला आले नाही. तू काय दिलंस त्याला, एवढं बघायला आलेय. ती भांडायच्या तयारीनं आली होती, पण तिथं कोणी भांडायला पुढं येईना. जो दिसेल तो हात जोडत होता.

लंगरात ती पंगतीला बसली. एका तरुण पोरीनं तिच्यापुढं वाकून म्हटलं, "दोन्ही हात पुढं करा, आजी," आणि ओंजळीत गरम रोटी ठेवली. दुसऱ्यानं डाळ वाढली, तिसऱ्यानं पाणी. गवंडीण रागारागानं जेवली, कारण जेवण चांगलं होतं. ताट उचलून ती निघाली, तर शाळामास्तरासारख्या दिसणाऱ्या एका माणसानं ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि खरकटं निपटत घासायला पुढं सरकवलं. ती तशीच रिकाम्या हातांनी उभी राहिली. आपलं उष्टं ताट दुसऱ्या कोणी उचललेलं तिला आठवेना. बाळंतपणातसुद्धा नाही. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाच राग आला. हे सगळं त्याला माहीत होतं. दर वर्षी हे इथं वाटून तो रिकामा होऊन घरी येत होता.

ती खिडकीशी परतली. बिल्ला दिला, चपला मिळाल्या, नव्यासारख्या स्वच्छ. "सुखी राहा माई," खालून आवाज आला. मान वर झाली नाही.

तिनं चपला घातल्या आणि सरळ फाटकाबाहेर आली. रस्त्याकडेला एका नळाखाली गाड्या धुतल्या जात होत्या आणि तिथं काळं पाणी साचलं होतं. गवंडिणीनं इकडंतिकडं पाहिलं, निऱ्या वर धरल्या आणि त्या चिखलात दोन्ही पाय घातले. चांगले बुडवले. मग पचपच करत ती परत रांगेत उभी राहिली. लोक जरा सरकून उभे राहिले.

त्यानं चपला घेतल्या. नाक मुरडलं नाही, किती चिखल म्हणाला नाही. खरवडलं, ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्यानं. हात मन लावून चालत होते. ह्या माणसानं स्वतःच्या चपला कधी पावसातून आत घेतल्या नव्हत्या. "जा माई," तो म्हणाला.

ती आत गेलीच नाही. भिंतीशी थोडी बसली, बिल्ला देऊन चपला परत घेतल्या आणि पुन्हा नळाकडं गेली. आपण काय करतोय हे तिला नीट कळत होतं. पोर मुद्दाम सांडतं तसं चाललं होतं. पण कितीही वेळा पुसायला लागू देत, आज त्याच्या हातांनी तिचं काम करावं, आणि तिचं आहे हे ओळखून करावं, एवढाच तिचा हट्ट होता. पलीकडच्या खिडकीतला पांढऱ्या दाढीचा सेवेकरी तिच्याकडं बघून मिशीत हसला. तिनं त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं.

तिसऱ्यांदा चपला खाली गेल्या. काडी चालली, फडकं चाललं आणि मध्येच थांबलं. गवंड्यानं एक चप्पल उलटी केली. तळाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसरी उलटी केली आणि दोन्ही शेजारी धरल्या. एकीची टाच सरळ होती. दुसरीची बाहेरची कड पार झिजून गेली होती.

मग त्यानं मान वर केली.

"तू?"

"तिसऱ्यांदा आले," गवंडीण म्हणाली. "दूधवालीला पहिल्या झटक्यात ओळखलंत."

"ती बोलली. मी चेहरे बघत नाही इथं. कोणाचं आहे ते बघायचं नसतं."

"माझं बघायचं असतं," ती म्हणाली. "इथं सगळ्यांचं करता. सगळ्यांना ताई, सगळ्यांना माई. मला हेवा वाटतो ह्या सगळ्यांचा. त्या हमालाचासुद्धा. सांगून टाकते एकदाचं."

मागं रांग लांबली होती. कोणीतरी खाकरलं. गवंड्याच्या हातात अजून ती झिजलेली चप्पल होती. तो ती पालथी घालून बघत होता, आणि त्याचं तोंड एखादी फरशी चुकीची बसल्यावर व्हायचं तसं झालं होतं.

"पाय दुखतो का गं तुझा?" त्यानं विचारलं.

विहिरीच्या पायरीवरून घसरली होती तेव्हापासून ती टाच खाली टेकत नव्हती. कडेवर भार देऊन चालायची. सांगून काय होणार म्हणून तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

"दुखतो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पोरगी नांदायला गेली त्या वर्षापासून."

गवंड्यानं ती चप्पल पुन्हा पुसली, पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. "परक्याची चप्पल हातात आली की माणूस कसा चालतो ते कळतं मला," तो हळू म्हणाला. "ही रोज उंबऱ्यात असते."

"माई, जरा पुढं सरका," मागचा माणूस म्हणाला.

गवंडीण सरकली नाही. "खोली मिळाली?" तिनं विचारलं.

"मिळाली."

"मग?"

गवंडी "बघू" म्हणेल असं तिला वाटलं. ओठ तसे झालेही. पण त्यानं खिशातून किल्ली काढली आणि शेजारच्या पांढऱ्या दाढीवाल्याच्या पुढ्यात ठेवली. म्हाताऱ्यानं काही न विचारता ती उचलून आपल्या खिशात टाकली.

"संध्याकाळच्या गाडीनं निघू," गवंडी म्हणाला. "सेवेची पाळी संपेपर्यंत थांबशील?"

तिनं मान डोलावली. त्यानं चपला फळीवर न ठेवता ओट्यावर तिच्यापुढं ठेवल्या, आणि ती बाजूला झाली. समोर सावलीत एक बाक होता, तिथं ती बसली. रांग पुढं सरकली. गवंड्यानं पुन्हा मान खाली घातली आणि बूट, सँडल, चपला घेत राहिला, पुसत राहिला, ताई म्हणत राहिला, माई म्हणत राहिला. प्रत्येक वेळी तिच्या पोटात जरासं दुखत होतंच. ऊन उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही आणि त्यानं पुसलेला एकेक जोड तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिला. त्यातल्या एकालाही त्यानं पाय दुखतो का म्हणून विचारलं नाही.